चिन्नीचं माहेर

आमच्या बेळ्ळंदूरच्या सोसायटीत गेल्या महिन्यात एका कुत्रीचं डोहाळजेवण झालं. थट्टा नाही करत. सातव्या मजल्यावरच्या पुण्याच्या मुलीने रीतसर सगळ्यांना मेसेज धाडला, क्लब हाउसमध्ये फुगे लावले, कुत्रीच्या अंगात गुलाबी जाळीचा फ्रॉक चढवला आणि माणसांसाठी एक, कुत्र्यांसाठी एक असे दोन केक आणले. मीही गेले. ती बिचारी थोराड सोनेरी कुत्री दमून फरशीवर पोट टेकून पडली होती आणि लोक तिच्याशेजारी बसून फोटो काढून घेत होते. ती मुलगी मला म्हणाली, "काकू, तुमच्याकडे होता का कधी डॉग? काही टिप्स असतील तर द्या ना. तिची फर्स्ट टाइम आहे, मला जाम टेन्शन आलंय." मी म्हटलं, "नाही गं बाई, आमच्याकडे कधीच नव्हता." आणि केकची बशी तशीच ठेवून घरी आले. पन्नाशी उलटली माझी, तरी खोटं बोलले की कानाच्या पाळ्या अजून गरम होतात. त्या दिवशी झाल्या. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमच्याकडे चिन्नी होती. तेव्हा आम्ही मारतहळ्ळीला राहत होतो. आता मारतहळ्ळी म्हटलं की लोकांना तो पूल, ट्रॅफिक आणि कपड्यांच्या सेलच्या पाट्या आठवतात. आमच्या घरामागे नाचणीचं शेत होतं आणि पलीकडे एक विहीर. विमानं इतकी खालून जायची की अण्णा, म्हणजे माझे वडील, बोलता बोलता तोंड उघडं ठेवून थांबायचे आणि विमान गेलं की त्याच शब्दापासून वाक्य पुढे न्यायचे. अण्णा एका कारखान्यात फोरमन होते. आमचं घराणं कधी काळी कुठल्या फौजेच्या मागून इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि जेवताना दोन्ही. "स्वल्प सारू वाढ गं" असं अण्णा म्हणायचे आणि पुण्याहून आलेले पाहुणे हसायचे. हसू देत. आईच्या हातचा सारू तीन वाट्या प्यायचे तेच लोक.

चिन्नी आली ती येलहंक्याहून, सरोजाक्कांकडून. सरोजाक्का अण्णांची चुलत बहीण. येलहंक्याच्या जुन्या गावात त्यांचं बैठं घर होतं आणि त्यांची कुत्री राजी दर वर्षी पिल्लं घालायची. त्यातलं एक, पांढरं, फक्त कानांना सोनेरी रंग असलेलं, मी फ्रॉकच्या ओच्यात घेऊन आले. कन्नडमध्ये चिन्ना म्हणजे सोनं, म्हणून चिन्नी. अर्धी पॉमेरियन, अर्धी रस्त्यावरची. आई तिला जेवू घालायची, अण्णा फिरायला न्यायचे, पण तिचा जीव माझ्यावर. कानात गोचीड झाली, पायात काटा मोडला, की मीच लागायची. दुसऱ्या कुणी हात लावला की ती आधी गुरगुरायची आणि मग खरंच चावायची. मला याचा तेव्हा केवढा अभिमान होता! येईल-जाईल त्याला मी सांगायची, "आमची चिन्नी माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही."

मी बारावीला असताना समोरच्या घरातल्या टॉमीने फाटकाच्या फटीतून आत येऊन आपला कारभार उरकला, आणि तीन-चार आठवड्यांनी चिन्नीचं पोट दिसायला लागलं. आईने घर डोक्यावर घेतलं. अण्णांनी कारखान्यातून पॅकिंगच्या फळ्या आणून खोकं केलं आणि आतून चारी बाजूंनी पट्टी ठोकली, म्हणजे चिन्नी भिंतीला टेकली तरी मागे पिल्लू चेंगरणार नाही. अण्णांना ते हिरव्या रंगाने रंगवायचं होतं. आई म्हणाली, रंगाचा वास बाळंतिणीला सोसत नाही. यावरून दोघांची दोन दिवस जुंपली होती. शेवटी खोकं बिनरंगाचं माझ्या खोलीत खिडकीखाली आलं. आईने जुन्या सुती साड्या सोड्यात उकळल्या, उन्हात कडक वाळवल्या, फाडून त्यांच्या घड्या केल्या. सकाळी चिन्नीला दुधातली नाचणीची पेज, संध्याकाळी मऊ भात आणि अंडं. अंडं आमच्या स्वयंपाकघरात चालत नसे. ते मागच्या अंगणात पाण्याच्या चुलीवर, एक कान तुटलेल्या पातेल्यात उकडलं जायचं आणि सोलायचं काम माझं. आईने अहळिवाची खीर केली तेव्हा अण्णा म्हणाले, "आता पाळणा पण टांग." "टांगीन," आई म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय?" चिन्नीने खीर चाटूनपुसून खाल्ली.

आईच्या या उत्साहामागे काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि हेच या सगळ्या प्रकरणातलं वाईट. आई नऊ वर्षांची असतानाच तिची आई गेली. मागे ना भाऊ ना बहीण, वडिलांनी दुसरं लग्न केलं, आणि आईला माहेर असं राहिलंच नाही. माझ्या वेळी ती सासरीच बाळंत झाली. माझी आजी काही दुष्ट नव्हती, पण सहाव्या दिवशी तिने आईला पाणी शेंदायला लावलं. शेजारणी माहेरी जाऊन तेलात न्हाऊन, अंगाने भरून परत यायच्या आणि आई त्यांच्या ट्रंका उतरवून घ्यायला मदत करायची. हे ती रडत सांगायची नाही, कणीक मळता मळता सांगायची, आणि शेवटी दर वेळी म्हणायची, "पण तुझं मी बघ कशी करीन. तीन महिने पलंगावरून पाय खाली ठेवू देणार नाही." मी सतरा वर्षांची, लाजून "काहीतरीच काय आई" म्हणायची. तिने ती खोली, ती बाज, सगळं मनात मांडून ठेवलेलं होतं.

चिन्नीला तपासून आणायला एका शनिवारी मीच सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नेलं. अण्णा कामावर, आईला कन्नड बोलता येई पण डॉक्टरांसमोर संकोच. डॉक्टर पोट दाबून म्हणाले, तीन-चार पिल्लं आहेत, दहा-बारा दिवस आहेत. मग त्यांनी मला नीट बसवून समजावलं. पहिलटकरीण आहे, तिला काही माहीत नसतं. पिल्लू पातळ पिशवीत येतं. आईने ती फाडून चाटलं तर ते श्वास घेतं. ती घाबरली, आजूबाजूला बघत राहिली, तर पिल्लू तिथेच गुदमरतं. तेव्हा जवळच्या माणसाने बोटाने पिशवी फाडायची आणि फडक्याने पुसायचं. "हात कुणाला लावू देते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मला." "मग तू घरात राहायचं. आणि आता तिला जागेवरून हलवायचं नाही. जिथे तिने अंथरूण उकरलंय तिथेच होऊ दे." मी सगळ्याला हो हो म्हटलं. घरी येऊन आईला सांगणारच होते.

पण वाटेत शैला भेटली. शैला माझी वर्गातली मैत्रीण. तिने सांगितलं की कॉलेजची हंपी-बदामीची सहल नक्की झाली, चार दिवस, आठवड्याभराने निघायचं. मी बोटं मोजली. बरोबर तेच दिवस. आज मला कुणी विचारलं की एवढं काय होतं त्या सहलीत, तर सांगता येत नाही. कुणी मुलगा-बिलगा नव्हता. असता तर निदान सांगायला कारण तरी झालं असतं. मी तोवर तुमकूरच्या पलीकडे गेले नव्हते, बस एवढंच. शैलाने माझ्यासाठी खिडकीजवळची जागा धरून ठेवली होती. घरी पोचले तेव्हा आई ओट्याशी होती. "काय म्हणाले गं डॉक्टर?" मी चिन्नीच्या गळ्यातली साखळी काढत होते. मी म्हटलं, "सगळं बरोबर आहे म्हणाले." बाकीचं सगळं मी गिळून टाकलं.

त्या रात्री जेवताना सहलीची गोष्ट काढली. आई म्हणाली, "छे! चिन्नीचे दिवस भरलेत, तू कुठे निघालीस? ती तुझ्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही." अण्णांनीही मान डोलावली. मी रुसून पाहिलं, अबोला धरून पाहिला, आई ढिम्म. मग दोन दिवसांनी ती अंगणात तांदूळ निवडत बसली होती आणि चिन्नी शेजारी पडली होती, तेव्हा मी शेजारी जाऊन बसले. काय बोलायचं ते मी आधी ठरवलेलं होतं. खडे वेचता वेचता अगदी सहज सुचल्यासारखं म्हटलं, "आई, हिचंही पहिलंच आहे ना गं? मग हिला माहेर नको का?"

आईचे हात थांबले. तिने चिन्नीकडे पाहिलं. मला अजून तो चेहरा दिसतो. "खरंच की," ती म्हणाली. "हिला माहेर आहे. आई जिवंत आहे हिची." मी पुन्हा खडे वेचायला लागले. बोलायची गरजच राहिली नव्हती. संध्याकाळी अण्णा आले तेव्हा ती कल्पना आईची झालेली होती. "मी म्हणते, पहिलं बाळंतपण, येलहंक्याला नेऊ या. सरोजाक्कांनी आजवर चाळीस पिल्लं हाताळली असतील, मला काय कळतंय त्यातलं?" अण्णा हसले, मग गंभीर झाले. "अगं, कुत्र्याला कसलं माहेर? जागा बदलली की जनावर बिथरतं." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "डॉक्टर काही बोलले का याबद्दल?" मी पानावरून मान वर केली नाही. म्हटलं, "नाही, काही नाही बोलले." आई म्हणाली, "बघा!"

निघताना आईने चिन्नीची ओटी भरली. कपाळाला हळदीकुंकू लावलं, खणाचा तुकडा गळ्यात बांधला, तांदूळ आणि खोबऱ्याची वाटी पिशवीत घातली. अण्णांचं खोकं रिक्षात मावेना, ते माझ्या खोलीतच राहिलं. चिन्नी रिक्षाभर माझ्या मांडीवर थरथरत होती आणि आई तिला म्हणत होती, "अगं वेडे, माहेरी चाललीस, रडतेस काय?" सरोजाक्का फाटकातच उभ्या होत्या. अंगाने ऐसपैस, आवाज त्याहून मोठा. "बा, बा, ये गं, माझी लेक आली!" पण राजी बाहेर आली, तिने लेकीला हुंगलं आणि दात दाखवले. ओळखच नव्हती. सरोजाक्का म्हणाल्या, "होतं असं. दोन दिवसांत सरी होईल, सगळं ठीक होईल." कॉफी झाली, चकली झाली. आम्ही निघालो तसे सरोजाक्का चिन्नीला कडेवर घेऊन आम्हाला पोचवायला बस स्टॉपपर्यंत आल्या. आमच्यात पाहुण्याला बसमध्ये बसवून दिल्याशिवाय कुणी परतत नाही. बस हलली तेव्हा मी खिडकीतून हात बाहेर काढून चिन्नीला म्हटलं, "आलेच हं." तिने कान उभे केले. मी घराबाहेर पडताना रोज हेच म्हणायची आणि रोज संध्याकाळी परत यायची.

पुढचं मला सरोजाक्कांनी सांगितलं, एकदम नाही, पुढे कित्येक वर्षं तुकड्यातुकड्याने. चौथ्या दिवशी सकाळी चिन्नीने जेवण सोडलं, अंथरूण सोडलं आणि फाटकाखालची माती उकरायला लागली. सरोजाक्का हात लावायला गेल्या तर चावली. दहाच्या सुमाराला गॅसवाला सिलिंडर घेऊन आत आला आणि फाटक उघडं राहिलं. तेवढ्यात ती गेली. अक्कांनी गल्ल्या धुंडाळल्या, शेत बघितलं, देवळामागे बघितलं. बाराच्या पुढे कुणीतरी सांगितलं की तुमची कुत्री बस स्टॉपवर आहे. आम्ही जिथून बसमध्ये चढलो तिथेच. स्टॉपच्या मागे कडाप्प्यांनी झाकलेलं एक कोरडं गटार होतं, त्यात एक कडाप्पा निसटलेला, त्या भोकात ती शिरून बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येक बसकडे बघत होती. पहिलं पिल्लू झालेलं होतं. बघे जमले होते, बसचे हॉर्न चालू होते, आणि चिन्नी पिल्लाकडे न बघता माणसांवर दात काढत होती. अक्का म्हणायच्या, "मला दिसत होतं गं, पिशवीतल्या पिशवीत हलत होतं. दोन हातांवर. पण ती हात आत घालू देईना."

अक्कांनी आमच्या समोरच्या किराणा दुकानात फोन केला. आई दोन बस बदलून पोचली तोवर तीन झाली होती आणि तिन्ही गार पडली होती. आई तशीच त्या गटारात उतरली. चौथं तिच्यासमोर आलं. तिने हात घातला, चिन्नीने मनगट फोडलं. तिने हात मागे घेतला नाही, पिशवी फाडली, पदराने चोळलं, तोंडातून फुंकर घातली. ते पिल्लू थोडा वेळ जगलं. मग आई तिथेच बसून राहिली. अक्का म्हणाल्या, "तुझी आई चिन्नीला एकच सांगत होती, 'येईल हं, ती येईल.'" त्या वेळी मी हंपीला दगडी रथापुढे उभी राहून, केसांत शैलाने दिलेली पिन लावून, फोटो काढून घेत होते. तो फोटो माझ्याकडे आहे. चांगला आलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी आले तर दारातच मोगऱ्याचा घमघमाट. घरात लग्न असावं असा वास. मला वाटलं, झाली! पिल्लं झाली आणि आईने सोहळा मांडलाय, चिन्नीला घरी आणलंय. मी चपलाही न काढता ओरडले, "आई, किती झाली?" आई मधल्या खोलीत जमिनीवर बसली होती. मनगटाला पट्टी. तिच्यासमोर चिन्नी कुशीवर पडलेली, आणि तिच्या पोटाभोवती फडक्याने मोगऱ्याचे गजरेच्या गजरे बांधलेले. आई म्हणाली, "चार." मी म्हटलं, "कुठेत?" आईने चिन्नीच्या पोटावरचा सैल झालेला गजरा पुन्हा घट्ट केला. दूध आटायला छातीला मोगरा बांधतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. अण्णा आतून आले, त्यांनी मला सांगितलं.

आई बोलायला लागली, माझ्याशी नव्हे, चिन्नीशी. "माझंच चुकलं गं बाई. मीच तुला घरातून काढून धाडली. मला माहेराचं वेड, त्याची शिक्षा तुला." अण्णा तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अगं, तुला काय माहीत? डॉक्टर एक शब्द बोलले असते तर आपण पाठवली असती का?" आणि मग माझ्याकडे बघून, अगदी साध्या आवाजात, आईचं समाधान व्हावं म्हणून म्हणाले, "हो की नाही गं? काही म्हणाले नव्हते ना?" तोंड उघडायची वेळ होती तर ती. आई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "नाही. काहीच नाही म्हणाले." आणि वर हुंदकाही दिला. चिन्नी कशीबशी उठली, गजरे फरशीवर घासत माझ्यापर्यंत आली आणि तिने हनुवटी माझ्या पायावर टेकली. ती रागावली असती, चावली असती, तर मला सोसलं असतं. ती पुढे आठ वर्षं जगली आणि एकदाही रागावली नाही. आईने तिला पुन्हा कधी पिल्लं होऊ दिली नाहीत, आणि अण्णांचं खोकं शेजाऱ्यांनी कोंबड्यांसाठी मागितलं तेव्हा देऊन टाकलं.

ते एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. लहानपणी सगळेच काही ना काही करतात आणि विसरतात. पण पंचविसाव्या वर्षी मला दिवस गेले. तेव्हा मी हुबळीला सासरी होते. सातवा लागला तशी सासूबाई म्हणायला लागल्या, "आता तुझी आई न्यायला येईल." मीही वाट बघत होते, आईच्या त्या तीन महिन्यांच्या गोष्टी ऐकतच मोठी झाले होते मी. आई अण्णांबरोबर आली, सातव्या महिन्याची ओटी भरली, आणि जायच्या दिवशी सासूबाईंसमोर म्हणाली, "इथे मोठा दवाखाना आहे, तुम्ही अनुभवी आहात. हिचं इथेच होऊ द्या." सासूबाई बघतच राहिल्या. मला अपमान वाटला, राग आला. स्टेशनवर सोडायला गेले तेव्हा आईशी धड बोलले नाही. आई डब्यात चढली आणि अण्णांनी मला बाजूला घेतलं. "तिच्यावर रागावू नकोस," ते म्हणाले. "ती चिन्नीचं मनात धरून बसलीय. म्हणते, माझ्या हाताला यश नाही, पोरीचं काही बरंवाईट झालं तर? मी खूप समजावलं, ऐकत नाही."

गाडी सुटायला वेळ होता. आई खिडकीत बसली होती. चार पावलं चालून जायचं होतं आणि एक वाक्य बोलायचं होतं: आई, डॉक्टर म्हणाले होते, मी लपवलं. मी नाही गेले. स्वतःला सांगितलं की आता या अवस्थेत रडारड नको, बाळाला चांगलं नाही. खरं एवढंच की ती माझ्याकडे कशी बघेल ते मला सोसणार नव्हतं. गाडी गेली. मुलगा झाला, सगळं नीट झालं, आणि बाराव्या दिवशी आई बारशाला आली ती पाळण्यापासून हातभर लांब, मांडीवर हात ठेवून बसली. सासूबाई म्हणाल्या, "घ्या की नातवाला." आई म्हणाली, "राहू दे, झोपलाय." तो टक्क जागा होता.

आता अण्णा नाहीत. आई सहा वर्षांपासून माझ्याकडे, इथे चौथ्या मजल्यावर राहते. शहात्तर पूर्ण झाली, कान आणि डोकं दोन्ही शाबूत आहेत. त्या डोहाळजेवणाहून परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी अवरेकाई, म्हणजे पावट्याच्या शेंगा, सोलत बसलो होतो. मी सगळं सांगितलं. दवाखाना, शैला, अंगणातलं ते "हिला माहेर नको का", अण्णांना दिलेली दोन्ही उत्तरं. काही गाळलं नाही. आई शेवटपर्यंत ऐकत होती. मला मनातून खात्री होती, लाज वाटते सांगायला पण होती, की ती म्हणेल, जाऊ दे गं, किती वर्षं झाली.

"डॉक्टर म्हणाले होते, हलवू नका?" तिने विचारलं.

"हो."

"आणि तुला घरात राहायला सांगितलं होतं?"

"हो."

आईने सालांचा ढीग हाताने गोळा केला. "पोर होतीस," ती म्हणाली. "सहलीला जावंसं वाटलं. त्याच दिवशी सांगितलं असतंस तर दोन धपाटे घातले असते आणि संध्याकाळी विसरले असते." मग तिने हात झटकले. "पण तुला दिवस गेले तेव्हा तू पोर नव्हतीस."

मी म्हटलं, "आई..."

"डिंक आणून ठेवला होता मी. तुझं कळलं त्याच आठवड्यात. दुपटी शिवली होती सोळा. खोलीला चुना काढून घेतला. रोज वाटायचं, आज कळवू या, माझ्याकडेच ये म्हणून. आणि रोज ते गटार डोळ्यांसमोर यायचं." तिचा आवाज चढला नव्हता. "नंतर किराणावाल्याच्या मुलीला दिवस गेले, तिला डिंक देऊन टाकला."

मी खाली वाकून तिचे पाय धरले. म्हटलं, "मला माफ कर."

तिने पाय मागे घेतले नाहीत. पुढची शेंग उचलून सोलली. मग म्हणाली, "बघू."